हिंसक मुलाची आई : दोष आणि जबाबदारी

(शिरढोण, ता. पनवेल येथे भरलेल्या पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला. आई अत्यवस्थ असताना सरकारी नोकरीत त्यांना रजा नाकारली गेली आणि ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती, ही हकिकत त्यांच्या चरित्रातून सर्वांना परिचित आहे. मुलाच्या आयुष्यात आईचे स्थान काय असते, हे या गावाला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र आज आम्ही ज्या आईविषयी बोलणार आहोत, तिच्याविषयी कोणत्याही गावात मोठ्याने बोलले जात नाही. परक्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या पुत्राच्या आईचे नाव आदराने घेतले जाते. आपल्याच घरात आईवर, धाकट्या बहिणीवर, वृद्ध आजीवर हात उगारणाऱ्या मुलाची आई मात्र घराचे दार आतून लावून घेते. त्या बंद दाराविषयी चार शब्द बोलण्यासाठी आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

इसापनीतीतील एक कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. चोरी करणाऱ्या एका तरुणास फाशीची शिक्षा होते. मरण्यापूर्वी आईच्या कानात काही सांगायचे आहे, अशी इच्छा तो व्यक्त करतो आणि आई जवळ येताच तिच्या कानाचा कडकडून चावा घेतो. मी पहिली चोरी केली तेव्हाच हिने मला शिक्षा केली असती, तर आज ही वेळ आली नसती, असे तो सर्वांदेखत सांगतो. ही कथा मुलांना बोध व्हावा म्हणून सांगितली जाते. परंतु ती ऐकणारी मुलगी पुढे आई होते, तेव्हा तिच्या मनात त्या कथेतील चोर राहत नाही, तो चावलेला कान राहतो. दुसऱ्या बाजूस साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावरून काढलेल्या चित्रपटाने महाराष्ट्राच्या मनात आईची एक मंगल मूर्ती कायमची स्थापन केली. त्या मूर्तीविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि मुलगा चांगला निघाला तर ती श्यामची आई आणि बिघडला तर ती चोराची आई, असे दोनच पाट समाजाने मांडून ठेवले, तर आमच्याकडे येणाऱ्या मातेने बसावे कोठे? आणि इसापाच्या त्या कथेत वडिलांचा साधा उल्लेखही का नसावा?

आता एका मातेची हकिकत सांगतो. ही कोणा एकीची नव्हे. अनेकींच्या बोलण्यातून ती आमच्या मनात एकत्र झाली आहे. मुलगा अकरा वर्षांचा. घरातील विळी आणि सुऱ्या तिने वरच्या माळ्यावर ठेवल्या आहेत. स्वयंपाकापुरती सुरी काढायची आणि पुन्हा वर ठेवायची. भर वैशाखात ती लांब बाह्यांचे पोलके घालते, कारण दंडावर चाव्यांचे व्रण आहेत. लग्नकार्य, हळदीकुंकू, जत्रा सर्व सुटले आहे. शाळेतून चिठ्ठी आली की घरातील वडीलधारी माणसे ‘खाण तशी माती’ म्हणतात आणि पती म्हणतात, “तूच लाडावून ठेवलास.” दुपारी शाळेची रिक्षा कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला की तिच्या छातीत धस्स होते. स्वतःच्या पोटच्या मुलाची चाहूल लागताच भीती वाटावी, याची तिला लाज वाटते. रात्री तो झोपला की ती त्याच्या उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवते. झोपेत तो चार वर्षांच्या बाळासारखा दिसतो. नेमक्या त्याच क्षणी तिच्या मनात विचार येऊन जातो, ‘हा जन्मलाच नसता तर?’ त्या विचाराने ती इतकी हादरते की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागेल ते आणून देते.

या शेवटच्या वाक्याकडे आपण कृपया विशेष लक्ष द्यावे. आमच्या आजच्या बोलण्याचा सारा गाभा त्यात आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगणे आमचे कर्तव्य आहे. विभागाच्या आरंभीच्या काळात अशी माता आली की आमचा पहिला प्रश्न असे, “घरी वातावरण कसे आहे?” प्रश्न आवश्यक होता, परंतु आमच्या स्वरात चौकशी कमी आणि झडती अधिक होती. काही माता पुन्हा आल्याच नाहीत. त्यांच्या मुलांचे पुढे काय झाले, हे आम्हांस कळले नाही. याची खंत आम्ही आजही बाळगून आहोत.

ही चूक केवळ आमची नव्हती. वैद्यकशास्त्रानेही मातांना फार काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषकांनी आईच्या वागण्याने मुलास स्किझोफ्रेनिया होतो, या अर्थाची कल्पना मांडली. स्वमग्नतेचे वर्णन १९४३ साली करणारे लिओ कॅनर यांनी पुढे १९४९ साली अशा मुलांच्या आईवडिलांच्या भावनिक थंडपणावर बोट ठेवले. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने हाच आरोप जगभर पोहोचवला. वस्तुतः त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी स्वमग्नतेचे मूळ शारीरिक जडणघडणीत असल्याचे साधार मांडले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. अखेर १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईवडिलांना दोषमुक्त केले. या मधल्या काळात किती मातांनी मनोमन शिक्षा भोगली असेल, याचा हिशेब कोणाकडेही नाही.

मग मूल हिंसक का होते? कॅनडातील रिचर्ड ट्रेम्बले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने मुलांचा बालपणापासून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मारणे, चावणे, ढकलणे यांचे प्रमाण वयाच्या दोन ते चार वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पुढे बहुतेक मुलांत ते घटत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे मारणे हे बहुधा शिकवावे लागत नाही. न मारणे शिकावे लागते. काही मुलांना ते शिकणे अवघड जाते. त्यामागे अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अपस्मार, तीव्र नैराश्य, वर्तनविकार, व्यसन अशी वेगवेगळी कारणे असू शकतात. बोलता न येणाऱ्या मुलाची दाढ दुखत असेल, पोट साफ होत नसेल वा झोप होत नसेल, तरी तो भिंतीवर डोके आपटतो किंवा आईला चावतो. म्हणून अशा प्रत्येक मुलाची आधी शारीरिक तपासणी झाली पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

याचा अर्थ घराचा काहीच वाटा नसतो, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे मातांना बरे वाटेल, पण खरे ठरणार नाही. ज्या घरात वडील आईला मारतात, त्या घरातील मूल ते पाहत असते. जेथे पट्ट्याने वा काठीने मारून वळण लावले जाते, तेथे मूल वळणापेक्षा काठीच अधिक लक्षात ठेवते. कित्येक मातांनी आम्हांस रडत सांगितले आहे की, आमचाही हात उठतो आणि एकदा उठला की थांबत नाही. हे सांगणे सोपे नसते. ज्या मातेने ते सांगितले, तिच्या घरी बदलाची सुरुवात त्याच दिवशी झाली, असे आम्ही मानतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी अशा कुटुंबांचे घरी जाऊन प्रदीर्घ निरीक्षण केले आणि १९८२ साली आपल्या ग्रंथात एक चक्र मांडले. आपल्या घरातील उदाहरण घेऊन ते असे सांगता येईल. आई म्हणते, मोबाइल ठेव आणि जेवायला ये. मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते. तो ताट भिरकावतो. आई घाबरून म्हणते, बरे, घे मोबाइल. घर क्षणात शांत होते. त्या शांततेतून दोघेही एकेक धडा शिकतात. ताट फेकले की मोबाइल मिळतो, हे मुलगा शिकतो आणि माघार घेतली की शांतता मिळते, हे आई शिकते. पुढच्या वेळी ताटाच्या जागी पाटा असतो. एखाद्या दिवशी आईचा संयम सुटतो, ती त्याला बडवते आणि तो तेवढ्यापुरता गप्प बसतो. जो जोरात मारतो त्याचे चालते, हा तिसरा धडा त्यातून मिळतो.

आता त्या उशाशी बसलेल्या मातेकडे पुन्हा वळू. तिच्या मनात एकाच वेळी माया आहे आणि तिटकाराही आहे. तिटकाऱ्याची तिला लाज वाटते, लाजेपोटी ती मागेल ते देते, दिल्याने हिंसा वाढते, वाढलेल्या हिंसेने तिटकारा वाढतो, एक दिवस हात उठतो आणि पुन्हा अपराधी भावना दाटून येते. आमचा अनुभव असा की, हा अपराधभाव मुलाला सुधारत नाही, उलट त्याच्या हिंसेला खतपाणी घालतो. ज्या आईला आपण गुन्हेगार आहोत असे वाटते, तिला मुलासमोर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच उरला नाही, असे वाटू लागते. म्हणून मातेच्या मनावरील हे ओझे उतरवणे, ही तिच्यावर केलेली दया नसून मुलाच्या उपचाराचाच तो एक भाग आहे.

संमिश्र भावना असणे हे पाप नव्हे. इंग्लंडमधील प्रसिद्ध बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, सर्वसाधारण प्रेमळ आईला आपल्या तान्ह्या बाळाचाही राग का येतो, याची अठरा कारणे दिली आहेत. रोझिका पार्कर यांनी १९९५ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचा आशय असा की, ही द्विधा भावना सोसण्याजोगी असेल आणि मान्य करता आली, तर तीच आईला विचार करण्यास प्रवृत्त करते. आमच्या अनुभवात दाबलेली भावना मात्र एक तर लाडातून बाहेर पडते, नाही तर मारातून.

या संदर्भात एका परदेशी मातेचा उल्लेख करावासा वाटतो. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी व एक शिक्षक यांची हत्या करून आत्महत्या केली. त्यांतील एकाची आई सू क्लेबोल्ड यांनी २०१६ साली आपले अनुभव ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा मुलगा घरी हिंसक नव्हता. त्याच्या मनातील मरणाची ओढ त्यांना दिसली नाही आणि आपले प्रेम त्याला वाचवण्यास पुरे पडले नाही, हे त्यांनी लपवले नाही. मुलाने केलेल्या कृत्याचे त्यांनी समर्थन केले नाही आणि त्याच्यावरील मायाही नाकारली नाही. पुढे त्यांनी आत्महत्या प्रतिबंधाच्या कार्यास वाहून घेतले. दोष उगाळत बसण्याऐवजी जबाबदारी कशी घ्यावी, याचा हा एक कठोर वस्तुपाठ आहे. दोष मागे पाहतो, जबाबदारी उद्या सकाळी काय करायचे ते विचारते.

उद्या सकाळी काय करायचे, याविषयी इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी एक मार्ग विकसित केला असून त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांची प्रेरणा गांधीजींचा अहिंसक प्रतिकार ही आहे. आपल्या जिल्ह्यास हा मार्ग परका नाही. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी ज्यांची निवड केली, ते विनोबा पेण तालुक्यातील गागोदे या गावचे. मारायचे नाही आणि शरणही जायचे नाही, हे सत्याग्रहाचे सूत्र ओमेर यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत आणले.

त्यातील काही गोष्टी आम्ही पालकांना सुचवतो. पहिली ही की, भांडण पेटलेले असताना काहीही ठरवू नये. त्या वेळी केवळ सर्वांना सुरक्षित करावे आणि बोलणे शांत झाल्यावर करावे. दुसरी, आई व वडील दोघांनी मिळून मुलाला लहानसे पत्र लिहावे आणि शांत वेळी वाचून दाखवावे. या घरात यापुढे मारहाण चालणार नाही, आम्हीही तुला मारणार नाही, हे आम्ही यापुढे लपवून ठेवणार नाही आणि आपल्या माणसांची मदत घेऊ, एवढाच त्याचा मजकूर. तिसरी, मामा, आत्या, वर्गशिक्षक, एखादी समंजस शेजारीण यांना विश्वासात घ्यावे. त्यांनी मुलाला रागावू नये. “काल काय झाले ते आम्हांला कळले, तू आम्हांला हवा आहेस, पण हे पुन्हा होता कामा नये,” इतकेच म्हणावे. चौथी, मोठा प्रकार घडल्यास नंतर शांत वेळी आईवडिलांनी त्याच्या खोलीत जाऊन बसावे, काय झाले ते सांगावे, हे पुन्हा होऊ नये यासाठी तू काय करशील, असे विचारून गप्प राहावे. वादात पडू नये. पाचवी, त्याच्या आवडीचे थालीपीठ करावे, त्याच्याबरोबर सायकलवर एक फेरी मारावी. त्यास अट नसावी. धमकीने मागितलेली वस्तू देणे निराळे आणि आपण होऊन माया करणे निराळे, हा भेद मुलांना लवकर कळतो.

बौद्धिक अक्षमता वा तीव्र स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे त्रास देणारा आवाज, गर्दी, वेदना यांचा शोध घेणे आणि खुणांनी, चित्रांनी गरज सांगण्यास शिकवणे अधिक उपयोगी पडते. काही मुलांना औषध लागते. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेण्यात कमीपणा नाही.

आणि तरीही काही मुले सुधारत नाहीत, हे आम्ही आपणांपासून लपवणार नाही. धाकट्या मुलीच्या जिवास धोका असेल, तर तिला काही काळ आजोळी ठेवणे अथवा ११२ या क्रमांकावर मदत मागणे म्हणजे मुलाशी वैर करणे नव्हे. आपल्याकडे ‘ठाण्याला टाकले’ हे शब्द अजूनही कानांवर येतात. माता त्या शब्दांना घाबरून वर्षानुवर्षे मार खात राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलास दाखल करण्यापूर्वी तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, मुलास प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने अथवा त्याच्या प्रतिनिधीने तेथे मुलासमवेत राहावे लागते. म्हणजे दाखल करणे हे टाकून देणे नव्हे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. तत्काळ सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

येथे उपस्थित असलेल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, “तूच लाडावून ठेवलास” हे वाक्य आजपासून घरातून हद्दपार करावे. वडिलांनी मुलाला घेऊन स्वतः तपासणीस यावे. आमच्या विभागात मूल आईच्या बोटाला धरून येते, ते वडिलांच्याही बोटाला धरून येऊ लागले, तर आमचे निम्मे काम हलके होईल. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून आवाज आला तर कान टवकारण्याऐवजी दुसऱ्या दिवशी वाटीभर भाजी घेऊन दार वाजवावे.

देणगीदार बंधू-भगिनींनो, यंत्रसामग्रीसाठी दिलेल्या देणगीवर पाटी लावता येते. या कार्यात तसे दाखवण्याजोगे फारसे काही नाही. एक लहान खोली, चार खुर्च्या, दार नीट लागेल अशी कडी आणि घाई न करता ऐकणारी प्रशिक्षित व्यक्ती, एवढेच लागते. परंतु त्या खोलीत एखादी माता प्रथमच म्हणते, “मला माझ्या मुलाची भीती वाटते,” आणि समोरील व्यक्ती दचकत नाही. “ताई, हे तुम्ही सांगितलेत, फार बरे केलेत,” असे म्हणते. त्या माउलीच्या पुढच्या सकाळी घरात काही वेगळे घडू शकते. आपल्या आजवरच्या साहाय्यामुळेच ही खोली चालू आहे, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

शेवटी मागच्या रांगांतील भगिनींना उद्देशून एकच सांगतो. रात्री उशाशी बसून मनात आलेल्या त्या विचाराने आपण वाईट आई ठरत नाही. तो विचार आला तरी आपण त्याच्या केसांतून हात फिरवीतच होता, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी घेऊन आमच्याकडे यावे. एकटे येण्यास संकोच वाटत असेल, तर सोबत कोणास तरी आणावे. आम्ही झडती घेणार नाही.